युरियाच्या पोत्यातला धूर



युरियाचे पोते आपण दर हंगामात फोडतो. त्या पांढऱ्या दाण्यांत काय असते, ते आज पाहू. युरिया दोन वस्तूंपासून होतो: अमोनिया आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ४५ किलोच्या पोत्यासाठी सुमारे २६ किलो अमोनिया व ३३ किलो कर्बवायू लागतो. वरचे वजन पाणी होऊन निघून जाते.

हा कर्बवायू येतो कुठून? बराचसा अमोनिया तयार करतानाच मिळतो. पण नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या कारखान्यात तो थोडा कमी पडतो. म्हणून उत्तर प्रदेशात इफकोच्या फुलपूर व आंवला कारखान्यांत २००६ मध्ये भट्टीच्या धुरातूनच कर्बवायू पकडण्याची यंत्रणा बसवली. क्षमता प्रत्येकी रोज ४५० टन.

तिचे काम असे चालते. उंच मनोऱ्यात वरून अमाईन नावाच्या रसायनाचे पाणी झिरपते, खालून थंड केलेला धूर चढतो. अमाईन हे अमोनियाच्याच कुळातले. ते कर्बवायू धरते, बाकीचा धूर वरून निघून जातो. मग हे पाणी दुसऱ्या मनोऱ्यात १०० अंशांच्या वर तापवले की वायू सुटतो आणि पाणी पुन्हा कामाला येते.

मोठा खर्च या तापवण्याच्या वाफेचा. म्हणून अभियंते आधी संगणकावर मनोऱ्याचे थर कल्पून, कोणत्या थरात किती वायू धरला जाईल, उष्णता किती वाढेल, याचा हिशेब मांडतात. मनोरा ठेंगणा झाला तर वायू निसटतो. पाणी जादा सोडले तर वाफ जादा लागते.

आता आपला हिशेब. युरिया ओल्या मातीत काही दिवसांत फुटतो. इतक्या खर्चाने पकडलेला कर्बवायू हवेत परत जातो. तो रोखणे आपल्या हाती नाही. अमोनिया मात्र आहे, आणि पिकाचे नत्र त्यातच असते. ओलसर जमिनीवर युरिया उघडा फेकला, वर ऊन तापले, की अमोनियाही उडतो. चुनखडीच्या जमिनीत हे नुकसान अधिक.

तेव्हा युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या. वाफसा असताना ओळीच्या बाजूने टाका, कोळप्याने लगेच मातीआड करा. कोळपणी जमत नसेल तर हलके पाणी द्या. पोते फोडण्याआधी कोळपे तयार आहे ना, एवढे जरूर पाहा.