ज्योत काय सांगते?



मी पेशाने कारकून. जमाखर्चाची बेरीज जुळली नाही, तर चूक वरच्या एखाद्या ओळीत लपलेली असते, हे बी.कॉम. होताना शिकलो. गॅसच्या शेगडीचाही असाच हिशेब असतो, हे मात्र चाळिशी उलटल्यावर कळले. तेही एका मुलाच्या जिवावर बेतता बेतता.

मागे एका पावसाळ्यात आम्ही तीन कुटुंबांनी मिळून मिनीबस ठरवली आणि महाबळेश्वरला निघालो. हॉटेलचा खर्च वाचावा म्हणून ५ किलोचे छोटे सिलिंडर आणि माळ्यावरची जुनी शेगडी बरोबर घेतली. प्रवासी गाडीत सिलिंडर घेणे हीच आमची पहिली चूक. निघताना सौ. म्हणाली होती, "या शेगडीची ज्योत नीट येत नाही हो." मी म्हटले, "चहापुरती चालेल." ही दुसरी चूक.

घाटात पाऊस असा कोसळू लागला, की बाहेर शेगडी मांडण्याची सोय उरली नाही. गाडी बाजूला उभी केली, काचा लावल्या आणि आतच चहाचे आधण ठेवले. ही तिसरी चूक आणि सर्वांत मोठी. ज्योत पिवळी, लांबट, नाचणारी. पातेल्याचे बूड काळे झाले, पण पाणी काही उकळेना. दहा-पंधरा मिनिटांनी माझा भाचा म्हणाला, "मामा, डोकं गरगरतंय." कोणी म्हणाले, त्याला गाडी लागली असेल. पण गाडी तर केव्हाची उभी होती! ड्रायव्हरभाऊंनी धावत येऊन शेगडी बंद केली, दारे सताड उघडली आणि सर्वांना भर पावसात खाली उतरवले. मोकळ्या हवेत मुलगा सावरला. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर शेगडी दुरुस्तीवाल्याकडे नेली. बर्नरखालच्या नळीत कोळ्याचे जाळे होते आणि बर्नरची निम्मी छिद्रे उतू गेलेल्या दुधाने बुजली होती. एवढेच दुखणे!

आता हिशेब पाहा. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण असते. प्रोपेनचा एक भाग पुरता जळायला हवेचे सुमारे २४ भाग लागतात. बारीक छिद्राच्या जेटमधून गॅस जोराने निघतो, तेव्हा तो बाजूच्या झरोक्यातून थोडी हवा ओढून घेतो. उरलेली हवा ज्योतीला भोवतालून मिळते. दोन्ही बाजू जुळल्या की ज्योत निळी, आखूड आणि स्थिर राहते. हवा कमी पडली की ती पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे एवढीच त्याची सूचना. बंद गाडीत मुळातच हवा थोडी. त्यात आमची शेगडी बिघडलेली.

म्हणून ज्योत वाचायला शिकावे. एकच बर्नर पिवळा जळत असेल, तर त्याची छिद्रे किंवा नळी बुजली आहे, नाहीतर वरची टोपी तिरकी बसली आहे. सगळेच बर्नर मंद असतील, तर सिलिंडर संपत आले असेल, रबरी नळी मुडपली असेल किंवा रेग्युलेटर बिघडला असेल. ज्योत फरफर आवाज करीत बर्नरपासून सुटून वर जळत असेल, तर हवा किंवा गॅसचा दाब जास्त आहे. मीठ सांडल्यावर ज्योत क्षणभर पिवळी होते, त्याला भिऊ नये. पिवळेपणा टिकून राहिला, तर मात्र शेगडी बंद करावी.

बर्नरची टोपी थंड झाल्यावर काढून साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासावी आणि पूर्ण वाळवूनच बसवावी. जेटमध्ये सुई किंवा पिन कधीही घालू नये. छिद्र मोठे झाले की गॅसचे प्रमाण बिघडते. जेट, रेग्युलेटर आणि नळी यांचे काम जाणकाराकडेच द्यावे. गळतीचा संशय आला, तर काडी ओढून पाहू नये, साबणाचा फेस लावून पाहावा. गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

परदेशात राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोटारगाड्या असतात. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास गोठत नसला, तरी त्याची वाफ होईनाशी होते. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. म्हणून थंड देशांतील अशा गाड्यांच्या शेगड्या प्रोपेनवर चालतात. तिथेही शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवायला सांगतात आणि विषारी वायूची सूचना देणारी घंटी बसवतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आपली मुलेबाळे उद्या अशा गाडीतून फिरतील, तेव्हा त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेगडीच्या उबेवर गाडी गरम करून झोपणे तर कदापि नको.

आता आमच्या घरी दर रविवारी बर्नर मी धुतो. चुलीजवळ रोज उभी राहणारी बाई "ज्योत नीट येत नाही" म्हणते, तेव्हा ती तक्रार करीत नसते, धोक्याची पहिली सूचना देत असते. ती मी ऐकली असती, तर भाच्याला त्या पावसात उतरवावे लागले नसते. आज रात्री स्वयंपाकघरात जाऊन एकदा ज्योतीकडे पाहा. निळी आहे ना?