काळी माती आणि विजेचा प्रवाह

गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्याच्या घराच्या आग्नेय कोपऱ्यास खिडकीपासून जोत्यापर्यंत तिरपी भेग पडली. नाशिकच्या वेशीबाहेर काळ्या जमिनीवर बांधलेलें घर. त्यास चारच पावसाळे झालेले. आयुष्याची पुंजी त्यांत घातलेली. कुटुंब चिंतेंत पडलें हें सांगावयास नको. पुतण्या वाचनाचा नादी. त्यानें आम्हांस विचारलें, “काका, जमिनींत वीज सोडून चिखल घट्ट करतात म्हणे. आपल्यालाहि तसें करतां येईल का?” प्रश्न हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता, म्हणून ह्या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

विजेनें मातींतील पाणी हलतें हें इ. स. १८०७ मध्यें मॉस्को येथील रॉइस नांवाच्या अध्यापकानें दाखविलें. ओल्या चिकणमातींत पाण्यानें भरलेल्या दोन कांचनळ्या उभ्या करून त्यानें त्यांत विजेचीं दोन टोकें सोडलीं. ऋण टोकाच्या नळींतील पाणी वर चढलें. धन टोकाच्या नळींतील पाणी मातीच्या कणांनीं गढूळ झालें. ह्याचें कारण असें कीं, चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो; म्हणून भोंवतालच्या पाण्यांतील धनभारित कण त्यांच्या भोंवतीं जमतात. प्रवाह सुरू होतांच हे कण ऋण टोकाकडे निघतात आणि पालखीबरोबर गर्दी ओढली जावी तसें पाणी त्यांच्यासवें ओढलें जातें.

वाळूंतून पाणी आपोआप निथळतें. चिकणमातीचीं छिद्रें मात्र इतकीं सूक्ष्म असतात कीं, केवळ आपल्या भारानें उतरणारें पाणी तींतून वर्षभरांत तीन सेंटिमीटरहि सरकणें कठीण. उलट दर सेंटिमीटरास एक व्होल्ट दाब दिला तर बहुतेक मातींत तेंच पाणी तासास सुमारें दोन मिलिमीटर सरकतें. हा गुण ओळखून लिओ कासाग्रांदे ह्या स्थापत्यशास्त्रज्ञानें इ. स. १९३९ मध्यें जर्मनींतील साल्झगिटर येथें, रेल्वेच्या खोदकामाच्या ढासळणाऱ्या उतारांवर हा प्रयोग यशस्वी केला. धन टोकास लोखंडी कांबी, ऋण टोकास सच्छिद्र नळ्या. नळ्यांत जमलेलें पाणी पंपानें उपसावयाचें. परंतु ह्यास एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. आपल्या घरांतील वीज क्षणोक्षणीं दिशा बदलते, म्हणून ती जशीच्या तशी चालत नाहीं. शिवाय धन टोकाच्या कांबी झिजतात आणि खर्चहि मोठा. त्यामुळें ही विद्या क्वचितच वापरतात. आपल्या उरणजवळील न्हावा-शेवा बंदराच्या परिसरांतहि खाडीच्या मऊ गाळांत उभ्या निचरापट्ट्या रोवून वर भरावाचा भार देण्याची रीतच पत्करली गेली.

आतां पुतण्याच्या घराकडे वळूं. येथें निदान आधीं, चिकित्सा मागाहून. खाडीच्या गाळाचा रोग अति ओल हा होय. काळ्या मातीचा रोग ओलीची चढउतार हा होय. बसाल्टापासून झालेली ही माती श्रावणांत फुगते, वैशाखांत आकसून भेगाळते. तिच्यांतून विजेनें पाणी काढलें तर ती अधिकच आकसेल, भिंत अधिकच फाटेल. आणि पुढच्या मृगांत पाणी पुन्हां आंत शिरेल तें वेगळेंच. म्हणजे एका रोगाचें औषध दुसऱ्यास विष व्हावयाचें!

मग भेग कशानें पडली? उत्तर आमच्या वहिनींनीं दिलें. त्या म्हणाल्या, “भावजी, त्या कोपऱ्यावरच्या केळी भर उन्हाळ्यांतहि कोमेजत नाहींत.” जाऊन पाहतों तों मोरीचें पाणी तेथेंच मुरत होतें! सर्व जमीन उन्हानें आकसली. तो कोपरा तेवढा ओला, फुगलेला राहिला. घर एका बाजूनें उचललें गेलें, दुसरीकडे खचलें.

पुतण्यानें मोरीचें पाणी पक्क्या नळानें दूर नेलें, केळी हलविल्या, भोंवतीं बाहेर उतार असलेली फरशी घातली आणि पन्हाळीचें पाणी जोत्यापासून लांब सोडलें. भेगेवर कांचेची पट्टी चिकटवून तारीख लिहिली. पट्टी तडकली तर जमीन अजून हलते असें समजावें. हा पावसाळा उलटला, ती अखंड आहे.

जे आतां घर बांधणार असतील त्यांनीं पाया खोदण्यापूर्वीं माती तपासून घ्यावी. आपल्याच नाशिकांत दिंडोरी मार्गावर १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था मृत्तिकेचा अभ्यास करीत आली आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून घालण्याची युक्ति मुंबईच्या आय. आय. टी.चे प्रा. कट्टी ह्यांनीं पुढें आणली; मुरूम भरणाऱ्या आपल्या जुन्या गवंड्यांस तिचें मर्म चटकन कळलें असतें.

शास्त्रकारांचा सूचीकटाहन्याय आहे: लोहाराकडे सुई आणि कढई दोन्हीं आल्या, तर सुई आधीं उरकावी. विजेची कढई इंजिनियरांच्या भट्टीवर राहूं द्या. आपण आधीं मोरीचें पाणी कोठें जातें तें पाहावें.