आशा सोडली नाही म्हणजे काय केलं?

घरावर दुःख कोसळलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'देवाची इच्छा.' दुसरं, 'देव असता तर असं झालं असतं का?' शहीद जवानाच्या दारात ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी ऐकायला मिळतात. बोलणारा मोकळा होतो, पण ज्या घरावर वेळ आली आहे त्या घराच्या हाती काहीच लागत नाही.

फौजेत देव रोजच्या कामातला असतो. पलटणीत मंदिर परेड असते, धर्मगुरू जेसीओ असतो. कितीतरी ठिकाणी सर्वधर्मस्थळात एकाच छपराखाली सगळे हात जोडतात. सियाचीनच्या बेस कॅम्पला ओपी बाबांचं मंदिर आहे. ओमप्रकाश नावाच्या जवानाने एकट्याने चौकी राखली आणि आजही तो सर्वांची राखण करतो, अशी श्रद्धा आहे. वर जाणारी तुकडी बाबांना रिपोर्ट देऊन निघते आणि खाली आल्यावर पुन्हा रिपोर्ट देते. पण बाबांना रिपोर्ट दिला म्हणून कोणी कमरेची दोरी सोडत नाही. बर्फाच्या भेगेत एक जण गेला तर त्याला धरायला दोरीवरचे बाकीचे असतात. विश्वास आणि दोरी दोन्ही बरोबर घेऊनच माणूस वर जातो.

आता 3 फेब्रुवारी 2016 आठवा. सुमारे 19,600 फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे 10 जण गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याचाही एक जवान होता. दुसऱ्याच दिवशी कोणी वाचण्याची शक्यता फारच कमी असल्याचं सांगितलं गेलं, देशभरातून शोक व्यक्त झाला. तरीही वर खोदकाम थांबलं नाही. दगडासारखा घट्ट बर्फ कापत, श्वानपथक घेऊन जवान खणत राहिले. सहाव्या दिवशी 25 फुटांहून अधिक खोलीवर लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. सगळ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले.

मग प्रार्थनेचा उपयोग काय झाला? हा प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याला नास्तिक म्हणून गप्प करू नये. दहाही घरांत देव होता, दहाही घरांत नवस बोलले गेले असतील. देवावरचा विश्वास म्हणजे जीव वाचवण्याचा करार असेल, तर तो करार दहाही घरांत मोडला. पण विश्वास म्हणजे करार नव्हेच, असं मला वाटतं. निकाल आपल्या हाती नसतानाही आपलं काम न सोडण्याचं बळ, एवढंच त्याचं काम. खोदणाऱ्यांच्या मनात कोणता देव होता ते मला ठाऊक नाही. पण शोकसंदेश आल्यावरही ज्यांनी फावडं खाली ठेवलं नाही, त्यांच्याकडे पाहून आशा म्हणजे काय ते मला कळलं.

आपल्या तुकोबांचंच पाहा. दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. विठ्ठलाने त्यातलं काही परत दिलं नाही, तरी तुकोबांनी विठ्ठल सोडला नाही. ते त्याच्याशी भांडले, रुसले, पण बोलणं थांबवलं नाही. देवावर रागावणं हाही विश्वासच असतो. नसलेल्यावर कोण रागावतो?

म्हणून माझी माजी सैनिक बांधवांना विनंती आहे. वीरपत्नीसमोर, आईवडिलांसमोर 'देवाची इच्छा' म्हणू नका. त्यांचा देव त्यांना त्यांच्या वेळेने सापडेल किंवा सापडणार नाही. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, तेव्हा जा. पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत बसा. हयातीचा दाखला भरायची वेळ आली की आठवण करा. वर्षश्राद्ध उलटल्यावरही फोन करा. त्या घरात कोणी देवाला शिव्या घालत असेल तर शांतपणे ऐकून घ्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

जय हिंद.