वयाला मान, शरीराला काम

घरात षष्ट्यब्दीपूर्तीचा समारंभ पार पडला, की त्या गृहस्थाच्या हातातून एकेक काम काढून घेण्यास प्रारंभ होतो. बाजाराची पिशवी चिरंजीव घेतात, पाण्याची बादली सूनबाई उचलतात आणि 'बाबा, तुम्ही आता बसा' हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानी पडते. त्यामागे आदर असतो, प्रेमही असते. परंतु या प्रेमाने आपण वडीलधाऱ्यांचे वार्धक्य अलीकडे ओढून आणतो, हे किती कुटुंबांच्या ध्यानी येते?

जन्मतारखेवरून मोजलेले वय आणि शरीराचे वय या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्याची गती मात्र पुष्कळ अंशी आपल्या दिनक्रमावर अवलंबून असते. उतारवयात स्नायू झिजतात. या झिजेला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव सुचविले. मात्र ती केवळ वयाने होते असे नाही. स्नायू न वापरल्याने ती वाढते, आणि वापरल्यास काही प्रमाणात भरूनही निघते.

अमेरिकेतील बोस्टन येथे मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धसेवा केंद्रातील दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय होते ९०! हा प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाने तो अर्ध्यावर सोडला. उर्वरित नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांना तर चालताना काठीची गरज उरली नाही. त्याहून बोलका भाग पुढचा आहे. व्यायाम थांबविल्यावर अवघ्या चार आठवड्यांत ३२ टक्के ताकद ओसरली. आजारपणानंतर महिना-महिना पलंगावर पडून राहण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आमच्याकडे व्यायाम म्हणजे सकाळचे फिरणे, असे समीकरण रूढ आहे. (त्यातही बागेच्या कट्ट्यावरील राजकारणाची चर्चा चालण्यापेक्षा लांबते, ही गोष्ट वेगळी!) फिरणे उत्तमच, पण तेवढे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांबरोबरच दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविले आहेत. तोल गेला, खुब्याचे हाड मोडले आणि हिंडतेफिरते आजोबा कायमचे परावलंबी झाले, असे एखादे उदाहरण प्रत्येक वाचकाच्या परिचयात असेल.

त्यासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरावे लागत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे, भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल साधावा. हृदयविकार वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. घरच्यांनी एवढेच करावे: उद्या मंडईत जाताना पिशवी बाबांच्याच हाती राहू द्यावी. जड झाली तर ते स्वतः सांगतील.