आवाजाचा रोजमेळ

चातुर्मास संपला की व्यापारी कुटुंबांना तीर्थयात्रेचे वेध लागतात. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, दुकान दोन दिवस मुनिमांच्या हाती सोपवता येते आणि घरची गाडी अंगणात सज्ज असते. ती खरोखर सज्ज आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका धान्य व्यापाऱ्याचे कुटुंब असेच कुंभोजच्या बाहुबलीला निघणार होते. आदल्या सायंकाळी गाडीच्या चालकाने भीतभीतच विषय काढला, "शेठ, दोन दिवस झाले, चाकाकडून घुमल्यासारखा आवाज येतोय. एकदा दाखवून घेऊ का?"

"टायर जुने झालेत, त्यांचाच असेल," शेठ म्हणाले. "उद्या सूर्यास्ताच्या आत पोहोचायचंय. आईचा चौविहार असतो. आल्यावर बघू."

हे बोलणे ओसरीवर बसलेल्या आजींच्या कानी पडले. त्या म्हणाल्या, "माझ्या चौविहारासाठी मुलाबाळांना धोक्यात घालू नकोस. आणि एक दिवस उशिरा गेलो म्हणून वीतराग भगवंत काही रागवायचे नाहीत."

सकाळी गाडी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीने पहिलाच प्रश्न केला, "आवाज केव्हा येतो?" शेठ निरुत्तर झाले. उत्तर चालकाने दिले. आवाज ताशी 50 किलोमीटरच्या पुढे सुरू होतो आणि वेगाबरोबर वाढतो. क्लच दाबला तरी थांबत नाही. डांबरी रस्ता असो वा सिमेंटचा, त्यात फरक पडत नाही. उजवीकडच्या वळणावर तो वाढतो, डावीकडच्या वळणावर मंदावतो.

मिस्त्रीचे निम्मे काम तेथेच झाले. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो, हा बदलत नव्हता. क्लच दाबल्यावरही तो टिकत होता, म्हणजे इंजिनवरचा संशय गेला. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो. डावे पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले, तर खरखर जाणवली आणि वर-खाली हलवल्यावर ते डुगडुगले. चाकाचे बेअरिंग झिजले होते. असे बेअरिंग तापत आणि सैल होत जाते, आणि फार दुर्लक्ष झाल्यास चाकच निकामी होते. हे खंबाटकीच्या घाटात, भरल्या गाडीत घडले असते तर काय झाले असते, याचा विचार शेठजींनी परतीच्या वाटेवर केला.

या प्रसंगातून घेण्यासारखी गोष्ट एकच. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे अधिक महत्त्वाचे असते. 'खडखड', 'घरघर', 'किरकिर' हे शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात; वेळ आणि प्रसंग मात्र फसवत नाहीत. व्यापाऱ्याला रोजमेळ शिकवावा लागत नाही. तशीच एक छोटी वही गाडीत ठेवावी आणि चालकाने तीत दिनांक, किलोमीटर, वेग, रस्ता आणि आवाजाचा प्रसंग टिपावा.

ही नोंद करताना काही प्रश्न क्रमाने विचारावेत. गाडी उभी असताना इंजिनचा वेग वाढवला तरी आवाज येतो का? येत असल्यास दोष बहुधा इंजिन, त्याचे पट्टे, माउंटिंग किंवा सायलेन्सरकडे असतो. थंड वा दमट सकाळी गाडी सुरू करताच चीत्कार होऊन तो थोड्या वेळात थांबला, तर पट्टा तपासावा. ताशी 80 ते 100 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते का? मग पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग बिघडले असण्याची शक्यता मोठी. हीच थरथर आसनातून जाणवली, तर मागची चाके पाहावीत. केवळ ब्रेक दाबतानाच स्टिअरिंग हादरत असेल, तर ब्रेकची डिस्क असमान झिजलेली असू शकते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना 'कट-कट' ऐकू आली, तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा आणि त्यावरचे रबरी आवरण पाहावे. आवरण फाटले की ग्रीस बाहेर पडते आणि धूळ आत शिरते. लहानसहान खड्ड्यांत ठकठक होत असेल, तर सस्पेन्शनचे बुश, लिंक वा बॉल जॉइंट सैल झालेले असतात.

काही आवाजांना मात्र उद्या नसतो. ब्रेक दाबताना बारीक किंचाळणे ही पॅड संपत आल्याची सूचना असते. पण लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला, तर प्रवास तेथेच थांबवावा. इंजिनातून ठोके येत असताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. चाक काढून बसवल्यानंतर धप-धप आवाज किंवा डगमग जाणवली, तर गाडी हळूहळू डाव्या बाजूस घेऊन नट तपासावेत. चाकाचे काम झाल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहणे केव्हाही हिताचे.

आणखी एक गोष्ट घरातील कर्त्यांनी ध्यानात ठेवावी. गाडीचा बदललेला आवाज सर्वप्रथम चालकाला कळतो. परंतु 'खर्च काढतो' असा ठपका बसेल या भीतीने तो गप्प राहतो. ज्या घरात त्याचे ऐकले जाते, तेथे दोष लहान असतानाच सापडतो. पाणी गाळून घेणाऱ्या, दिवा झाकून ठेवणाऱ्या घरांना जयणा नवी नाही. रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनात आपल्याबरोबर इतरांचेही प्राण असतात, म्हणून ती जयणा तेथेही हवी.

ते कुटुंब दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघाले. बाहुबलीचे दर्शन झाले, आजींचा चौविहारही वेळेत झाला. परतल्यावर शेठजींनी दुकानातील एक कोरी वही चालकाच्या हाती दिली. पहिल्या पानावर बेअरिंग बदलल्याची तारीख त्यांनी स्वतःच लिहिली होती.