नमुन्याची परीक्षा आणि हातातले खेळणे

तान्ह्या बालकाला जगाची ओळख डोळ्यांइतकीच तोंडाने होते. हाती आलेली प्रत्येक वस्तू ते ओठांशी नेते, चोखते, नवे दात फुटू लागले की चावून पाहते. त्यामुळे घरात येणारे खेळणे हे केवळ करमणुकीचे साधन राहत नाही. काही अंशी ते बालकाच्या पोटातही जाते. धान्य निवडून आणि पाणी गाळून घेणाऱ्या घरात मात्र खुळखुळ्याच्या रंगाची चौकशी क्वचितच होते.

खेळण्यांतील अपायकारक द्रव्यांत शिशाचा क्रम वरचा आहे. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग भडक व टिकाऊ व्हावेत म्हणून शिशाची संयुगे दीर्घकाळ वापरली गेली. शिसे शरीरात गेले की कॅल्शियमची जागा घेते आणि हाडांत व दातांत साठून राहते. खरा घात होतो तो वाढत्या मेंदूचा. एकाग्रता, स्मरण, शिकण्याची शक्ती यांची हानी होते आणि ती सहसा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. तेवढ्याच शिशातून बालकाचे शरीर प्रौढाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. म्हणजे ज्या घरी दूध आणि पालेभाजी कमी, त्याच घरच्या मुलाला स्वस्त रंगाचे खेळणे अधिक बाधते.

दुसरे द्रव्य थॅलेट. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. प्लास्टिकशी त्याचे रासायनिक बंधन होत नाही, म्हणून लाळेने आणि उबेने ते हळूहळू बाहेर येते. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ते व्यत्यय आणते. त्यामुळे युरोप, अमेरिका आणि भारत येथे खेळण्यांतील काही थॅलेटांवर ०.१ टक्के अशी मर्यादा घातलेली आहे.

ही द्रव्ये डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा शोध प्रयोगशाळेतच लागतो. तेथील रीत मोठी बोलकी आहे. खेळण्यावरील रंग खरवडून काढतात, त्याची पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालतात आणि ते मिश्रण ३७ अंश सेल्सिअस तापमानाला एक तास हलवून पुढे एक तास तसेच ठेवतात. हे तापमान मानवी शरीराचे आणि ते आम्ल जठररसाच्या जोडीचे. मूल रंगाचा कपचा गिळते तेव्हा पोटात जे घडते, तेच काचेच्या भांड्यात घडवून पाहिले जाते. मग द्रावणात शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांसह आठ मूलद्रव्ये किती उतरली ते यंत्राने मोजतात. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे.

येथेच एक पेच आहे. ज्या खेळण्याची अशी परीक्षा होते ते परीक्षेत नष्ट होते. बालकाच्या हाती पडते ते त्याचे भावंड, स्वतः कधीही न तपासले गेलेले. म्हणून परीक्षेचा निकाल तेवढाच खरा, जेवढी नमुन्यातील आणि विक्रीच्या मालातील समानता खरी.

ही समानता तुटली की काय होते, हे २००७ मध्ये दिसले. ऑगस्टच्या आरंभी फिशर-प्राइस या अमेरिकी कंपनीने जगभरातून सुमारे १५ लाख खेळणी परत मागविली. ती चीनमध्ये तयार झाली होती. कंत्राटदाराने मान्यता नसलेला, शिसेयुक्त रंग वापरला होता. कंपनी मोठी होती, नियम होते, तपासणीची व्यवस्थाही होती. पण मान्यतेचा रंग एक आणि डब्यातला रंग दुसरा. पुढल्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून बालकांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासणी अनिवार्य केली आणि रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ६०० वरून ९० वर आणली.

भारतात २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने राजधानी परिसरातील बाजारातून १२१ नमुने घेतले, तेव्हा सुमारे ६७ टक्के खेळणी निकषांत उतरली नाहीत. टोकदार कडा, सहज निघणारे भाग अशी कारणेही त्यांत होती. सर्वच दोष रसायनांचे नव्हते. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. परदेशी कारखान्यांनाही हा परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाल्यावरही ब्यूरो कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलू शकते. नमुना आणि माल यांतील अंतर झाकणारा खरा उपाय हाच. एकदा मिळालेले प्रमाणपत्र नव्हे.

नोंदणीकृत हस्तकारागिरांना या आदेशातून सूट आहे. ती न्याय्यही आहे. तपासणीचा खर्च लहान कारागिराला झेपणारा नाही आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखी कला त्या भाराखाली मोडून पडेल. परंतु सूट तपासणीपुरती असते, बालकाच्या शरीराला ती लागू होत नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० दशलक्षांश ठेवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्या नियमाबाहेर आहेत. म्हणून कारागिराला ‘रंग कोणता वापरता?’ असे विचारण्यात संकोच नसावा. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या वेळी योग्य डबा आपोआप दुकानातून येतो.

पालकांच्या हाती थोडे आहे, पण ते निरर्थक नाही. वेष्टनावर आयएसआय चिन्ह आणि त्याखालील परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. जत्रेतील बिनचिन्हाचे, रंगाचे पोपडे निघणारे किंवा उग्र वासाचे मऊ प्लास्टिक तान्ह्यापासून दूर ठेवावे; मात्र वास नाही म्हणजे दोष नाही असे समजू नये. मोठ्या भावंडांची जुनी, रंगीत खेळणी मायेने जपली जातात. रंग सुटू लागला की ती कपाटातच बरी. मुलाच्या पोटात रंग गेल्याची शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करता येते. बाळाचे हात धुणे आणि लोह-कॅल्शियमयुक्त आहार ही साधी काळजीही उपयोगी पडते.

प्रयोगशाळेतील आम्ल रंगाची परीक्षा दोन तासांत करते. बालकाचे शरीर तीच परीक्षा काही वर्षे करीत राहते आणि त्याचा निकाल पुढे शाळेच्या बाकावर दिसतो. पहिली परीक्षा प्रामाणिकपणे झाली, तर दुसरीची वेळ येत नाही. ती प्रामाणिक राहावी याची जबाबदारी उत्पादक, विक्रेता आणि शासन यांची आहेच. विकत घेण्यापूर्वी वेष्टन उलटून पाहणारा हातही त्या व्यवस्थेचाच एक भाग आहे.