कुंपणाच्या आत आराखडा, बाहेर गुंठा

सातबाऱ्यापलीकडे | करवीरकर

एमआयडीसीच्या भोवतालच्या कुठल्याही गावात प्लॉट विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘एमआयडीसीपासून पाच मिनिटांवर.’ कागलची पंचतारांकित वसाहत त्याला अपवाद नाही. किती गुंठे, रस्ता किती फुटी, विसार किती, हप्ता किती, सगळं सांगितलं जातं. ही जमीन सरकारच्या नकाशावर कोणत्या रंगात आहे, हे मात्र राहून जातं. पिवळ्या, म्हणजे रहिवासी झोनमध्ये, की हिरव्या, म्हणजे शेती झोनमध्ये? घेणाराही विचारत नाही. शेजारच्यानं बांधलंय आणि त्याला अजून कुणी काही केलेलं नाही, एवढा दाखला त्याला पुरतो. आपल्याकडे जमिनीचा वापर नगररचना कार्यालयाआधी शेजाऱ्याच्या स्लॅबवर ठरतो.

याचा दोष घेणाऱ्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. कागल-हातकणंगले औद्योगिक क्षेत्र हे या वसाहतीचं सरकारी नाव, आणि त्या नावातच निम्मी अडचण आहे. जमीन दोन तालुक्यांत, त्यामुळे दोन तहसीलदार, दोन पंचायत समित्या आणि दोन लोकसभा मतदारसंघ. एका बाजूला कागल शहर, कसबा सांगाव आणि सुळकूड. दुसऱ्या बाजूला तळंदगे, पट्टणकोडोली आणि चांदीच्या दागिन्यांची हुपरी. मधल्या माळावर रेमंडचं कापड आणि किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची इंजिनं तयार होतात, त्यांच्याभोवती सूतगिरण्या, फौंड्री आणि मशीनशॉप आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्ग हाताशी आणि दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक.

कुंपणाच्या आत सगळं ठरलेलं आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 चा आणि महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची, स्थापना 1962 ची. प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 40 नुसार आपल्या अधिसूचित क्षेत्रात एमआयडीसी हीच विशेष नियोजन प्राधिकरण असते. म्हणजे ले-आऊट तिचा, बांधकाम परवाना तिचा आणि भोगवटा प्रमाणपत्रही तिचंच. रस्त्याची रुंदी, प्लॉटच्या कडेनं सोडायची जागा, खुली जागा, सांडपाण्याची वाट हे सगळं कारखाना येण्याआधीच कागदावर उतरलेलं असतं. अंमलबजावणीत उणिवा निघतील, पण कुणाला विचारायचं हे तरी माहीत असतं.

कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की हे उत्तर हरवतं. कागलला नगरपरिषद आहे, हुपरीला आहे. त्यांच्या हद्दीत त्यांच्या विकास योजना लागू. बाकी गावांत ग्रामपंचायती. तिथं जमिनीचा वापर प्रादेशिक योजनेनं ठरतो, बिगरशेतीचं काम महसूल खात्याकडं, अभिप्राय नगररचना खात्याचा, आणि रोज डोळ्यांदेखत बांधकाम उभं राहताना पाहणारी ग्रामपंचायत मात्र मुख्यतः घरफाळा आकारायच्या वेळी कामाला येते. 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. त्यात 42 गावं, बहुतेक करवीर तालुक्यातली आणि काही हातकणंगल्यातली. कागलचा पट्टा त्या रेषेबाहेर राहिला.

ते प्राधिकरण कशातून जन्मलं, हेही आठवायला हवं. कोल्हापूरची महापालिका 1972 ची, आणि पुढची पन्नास वर्षं तिची हद्द 66.82 चौरस किलोमीटरवर थबकलेली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींसह हद्दवाढीचा प्रस्ताव आला की शहर रस्त्यावर उतरायचं आणि गावंही. फरक इतकाच, की एक बाजू हवी म्हणून आणि दुसरी नको म्हणून. प्राधिकरण ही त्यातली तडजोड. दोघांचा राग निवावा म्हणून काढलेल्या वाटेवर नियोजन आपोआप होत नाही, हे आता दोघांनाही कळलं आहे.

कागलच्या बाबतीत तर तडजोडीचीही वेळ आली नाही. तिथला गुंठा कसा तयार होतो ते पाहा. माळाच्या कडेला कुणाची एकरभर जमीन असते. भाऊवाटणी होते. ऊस परवडेनासा झालेला, विहिरीचं पाणी आटलेलं, आणि शेजारी कारखान्यांत शिफ्टनं येणाऱ्या हजारो लोकांना राहायला जागा हवी असते. एकराचे चाळीस गुंठे. त्यातला एकेक दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा विकला तर शेतीच्या कैक हंगामांचं उत्पन्न एका व्यवहारात हाती येतं. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे, म्हणून स्वतंत्र सातबारा होत नाही. मग एकाच गटात दहा-बारा नावं लागतात किंवा नोटरीवर व्यवहार होतो. मधे दहा फुटी रस्ता सोडला जातो आणि तोही तोंडी. घेणारा कामगार पगारातून हप्ता फेडतो, आधी पत्र्याची खोली बांधतो, मग स्लॅब टाकतो. त्याला बँकेचं गृहकर्ज सहज मिळत नाही, कारण कागद नाहीत. म्हणजे व्याज जास्त आणि सुरक्षितता कमी, अशा दोन्ही बाजूंनी तोच भरडला जातो.

सरकारनं यावर काय केलं? दर काही वर्षांनी झालं ते नियमित केलं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा. त्यात 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या गुंठेवारीला अभय होतं. पुढं ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकवली गेली. 2025 मध्ये तुकडेबंदीतूनही मोठी सूट जाहीर झाली. ज्यांनी घाम गाळून घर बांधलं त्यांना दिलासा मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक मुदतवाढीनं पुढच्या माणसाला जो निरोप जातो तो असा : आधी बांध, कायदा मागून येईल. आणि नियमित होतो तो फक्त कागद. दहा फुटी बोळ नियमित केला म्हणून त्यात अग्निशमनाची गाडी शिरत नाही. गटार नव्हतं तिथं दाखल्यानं गटार येत नाही. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मैदानासाठी जागा ठेवलेलीच नसते, आणि ती पुढं बाजारभावानं विकत घ्यायची ऐपत कुठल्याच ग्रामपंचायतीची नसते.

कोल्हापूरला हा धडा नवा नाही. शिवाजी उद्यमनगर एके काळी शहराच्या कडेला होतं. लेथ आणि भट्ट्यांनी गावाला नाव मिळवून दिलं, आणि बघता बघता घरं त्यांना येऊन भिडली. मग कारखान्यांना वाढायला जागा उरली नाही आणि रहिवाशांना आवाज सोसेना. उद्योग शिरोली आणि गोकुळ शिरगावला गेले. तिथंही रस्त्याच्या कडेनं वस्ती आलीच. आता पाळी कागलची. तीन पिढ्यांत उद्योग दोनदा सरकला, आणि दर वेळी आपण फक्त कारखान्याची जागा आखली, कामगाराच्या घराची नाही.

खरं तर याच मातीत ते करून दाखवलेलं आहे. राजर्षी शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे. आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं त्यांनी जयसिंगपूर वसवलं, साल 1917. काटकोनात छेदणारे रस्ते आणि क्रमांक दिलेल्या गल्ल्या. बाजारपेठ भरायच्या आधी नकाशा तयार होता. त्याआधी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तीही कारखान्यासोबत कामगारांची घरं घेऊनच. शंभर वर्षांपूर्वी संगणक नव्हता, उपग्रहाची छायाचित्रं नव्हती, नगररचनेचा आजच्यासारखा कायदाही नव्हता. आज हे सगळं आहे, आणि त्याच किर्लोस्करांच्या नावाची एक कंपनी कागलच्या माळावरही आहे. भोवतीच्या वस्तीचा नकाशा मात्र प्लॉट पाडणारा काढतो.

पुढं काय वाढून ठेवलं आहे ते पाहायला हिंजवडीला जावं. आयटी पार्क एमआयडीसीचं, गाव ग्रामपंचायतीचं, भोवतालचा प्रदेश पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) आणि शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका. पाऊस पडला की रस्त्याचा ओढा होतो, आणि नाला कुणी बुजवला, रस्ता कुणी रुंद करायचा, यावर चार कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. तिथं जागतिक कंपन्या आहेत, मंत्र्यांचे दौरे होतात. तरी ही गत. कागलकडे तर एवढं लक्षही जात नाही.

जमिनीच्या नकाशाला पाण्याचा नकाशाही जोडलेला असतो. काळम्मावाडी धरणाच्या पाण्यावर, म्हणजे दूधगंगेवर, शेती आहे, गावं आहेत, वसाहतीचे उद्योग आहेत आणि करारानं कर्नाटकाचाही हिस्सा आहे. इचलकरंजीसाठी सुळकूडहून पाणी उचलण्याची योजना आली तेव्हा नदीकाठ का पेटला, हे समजायला राजकारणाइतकाच हिशेबही लागतो. कोणत्या पट्ट्यात किती घरं, किती कारखाने येणार हेच ठरलेलं नसेल, तर कुणाला किती पाणी लागेल हे कोण सांगणार? मग पाण्याचं वाटप मोर्चाच्या आकारावर ठरतं.

आता शेतकऱ्याचा आक्षेप. तो मी अनेकदा ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. तो म्हणतो, ‘एकदा वसाहतीला जमीन दिली. आता तुमचा आराखडा येणार, माझ्या उरलेल्या रानावर बागेचं आरक्षण पडणार, आणि दहा वर्षं मी ना विकू शकणार ना बांधू शकणार.’ आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर खरेदी सूचना देऊन आरक्षण रद्द करून घेण्याची सोय कलम 127 मध्ये आहे. पण दहा वर्षं म्हणजे पोरांची शिक्षणं आणि लग्नं. या भीतीला नियोजनाच्या बाजूच्या माणसांनी कधी नीट उत्तर दिलेलं नाही, म्हणूनच आराखडा म्हटलं की गाव हातात काठी घेतं.

उत्तर कायद्यातच आहे : नगररचना परियोजना. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, शाळा, मैदान यांची जागा सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात काढायची आणि उरलेला आखीव, रस्त्याला लागलेला भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. एकाचंच रान आरक्षणात जात नाही, आणि परत मिळालेल्या जमिनीला भाव येतो. मुंबई इलाख्यात यासाठी 1915 मध्येच कायदा झाला होता. पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी तर स्वतःच जमिनी एकत्र करून शहर वसवलं आणि मालकीही राखली. कागलचा शेतकरी त्यांच्यापेक्षा कमी हुशार आहे, असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर कुणी नकाशा घेऊन बसलेलं नाही, इतकंच.

म्हणून मागण्या तीन. पहिली, वसाहतीला लागून असलेल्या दोन्ही तालुक्यांतल्या गावांसाठी एकच एकत्रित विकास आराखडा. त्यासाठी आणखी एक प्राधिकरण जन्माला घालायची गरज नाही. जिल्हा नियोजन समिती आहे. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणं हे 74 व्या घटनादुरुस्तीनं तिच्यावर टाकलेलं काम आहे. निधीचं वाटप करून तिची बैठक संपायला नको. दुसरी, कामगारांच्या घरांसाठी वसाहतीतच किंवा तिला लागून राखीव जागा, आणि त्यात उद्योजकांचा वाटा. गोशिमा, स्मॅक आणि मॅक या संघटना विजेच्या दरावर सरकारला नमवण्याइतक्या ताकदीच्या आहेत. कामगार कुठं राहतो हाही त्यांचा विषय आहे. तिसरी, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा झोन नकाशा, रंगासकट आणि गट नंबरांसकट. त्याला ना नवा कायदा लागतो ना मोठा निधी.

आणि वाचकहो, तुम्हाला दोन गोष्टी. त्या पट्ट्यात गुंठा घेत असाल तर विसार देण्याआधी नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा; दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचा प्लॉट घेऊ नका. आणि तुमच्या गावाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तर हरकतीसाठी साधारण तीस दिवस मिळतात. मोर्चा एकतिसाव्या दिवशी काढून उपयोग नसतो. पहिल्याच आठवड्यात ग्रामसभा बोलवा, नकाशा जमिनीवर पसरा आणि आपलं रान त्यात कुठं आहे ते शोधा. हरकत लेखी द्या, तिची पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा.